मीटर ६.५ दाखवतो, तरी पालवी पिवळीच: बोअरचं पाणी, सामू आणि गच्चीवरच्या कुंड्या

प्रश्न थोडक्यात असा. इंदुरात सुदामानगरात गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत: मोगरा, जास्वंद, अनंत, इक्झोरा, एक लिंबू आणि थोडा भाजीपाला. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, ते पिण्या-स्वयंपाकाला जातं, झाडांना बोअरचं. मार्चपासून नवी पालवी पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पेनसारख्या मीटरवर पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.८ निघाला. म्हणून बाजारातलं 'पीएच डाउन' घालून तो ६.५ वर आणला. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बादलीत मीटर लावला तर पुन्हा ७.६. मीटर बिघडला, की औषध नकली? आणि पाण्याचा सामू नेमका किती हवा?

मीटरही ठीक आहे आणि औषधही. घोळ एवढाच की तुम्ही सामू मोजताय आणि झाडाला त्रास होतोय तो अल्कलिनिटीचा. नावं जवळची वाटतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सामू म्हणजे या क्षणी पाणी किती आंबट किंवा किती अल्कधर्मी आहे त्याचा आकडा. अल्कलिनिटी म्हणजे त्या पाण्याची आम्ल पचवायची ताकद. आपल्याकडच्या पाण्यात ती मुख्यतः विरघळलेल्या बायकार्बोनेटमुळे येते आणि लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, या हिशेबात सांगतात. समजा दोन बादल्या आहेत, दोन्हींचा सामू ७.८. एकीची अल्कलिनिटी ८०, दुसरीची ३००. मीटरला दोन्ही सारख्याच. पण पहिल्या बादलीत चिमूटभर लिंबूसत्त्व टाकलं तरी सामू धाडकन खाली येतो, आणि दुसरी त्याच्या जवळपास चौपट लिंबूसत्त्व गिळून मग हलते. कुंडीतल्या मातीशीही ही दोन पाणी अशीच वेगवेगळी वागतात. पहिलं मातीचं ऐकतं, दुसरं मातीला आपल्यासारखं करून सोडतं.

आरओचं पाणी याच्या उलट टोकाला. मीटर लावला तर ६ किंवा त्याहून खाली दाखवेल, आणि लोक घाबरतात की हे आम्लधर्मी पाणी मुळं जाळणार. त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतंच, हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी सामू खाली येतो. त्या आकड्यामागे वजन काहीच नाही. मातीत गेलं की दोन मिनिटांत मातीचा सामू तोच त्याचा सामू.

आता तुमची बादली. आम्ल घातल्यावर बायकार्बोनेटचा काही भाग कार्बन डायऑक्साइड झाला. तो वायू पाण्यात विरघळलेला असेतो मीटर ६.५ दाखवतो, रात्रभरात उडून गेला की सामू वर चढतो. म्हणजे आम्ल वाया गेलं असं नाही. जेवढं बायकार्बोनेट मारलं तेवढं मेलंच. पण ६.५ वर थांबलात तर हिशेबाने साधारण चाळीस टक्केच मेलेलं असतं, साठ टक्के शिल्लक. सामू ६ च्या आसपास आणला तर दोन तृतीयांश जातं. ५.५ च्या खाली मात्र जाऊ नका. तिथे पाण्याची ताकद संपत आलेली असते आणि दोन थेंब जास्त पडले तरी आकडा कोसळतो.

याच कारणाने बोअरमधून ताजं काढलेलं पाणी आणि तासभर उघड्या टाकीत पडलेलं पाणी यांचा सामू वेगळा येतो. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, म्हणून ताजं ७.२ दाखवणारं पाणी टाकीत ८ च्या पुढे जाऊ शकतं. दोन शेजारी एकाच बोअरच्या आकड्यावरून वाद घालतात आणि दोघंही खरं बोलत असतात.

अल्कलिनिटी म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं तर घरात मीटर लागत नाही. गीझरच्या कॉइलवर, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तो तीच. कूलरच्या ताट्यांचं गवत मे महिन्याच्या शेवटी हाताने मोडलं तर कटकन तुटतं, प्रत्येक काडीवर पांढरी खपली चढलेली असते. पाणी उडून गेलं, चुना मागे राहिला. कुंडीतही हेच होतं, फक्त मातीआड असल्याने दिसत नाही. दिसलंच तर मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगाला आणि काठाला. (जाता जाता: कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालायची पद्धत बंद करा. दिवसभर आटून आटून त्यातले क्षार दुपटी-तिपटीने वाढलेले असतात.)

थोडं गणित करू. बारा इंची कुंडीला उन्हाळ्यात रोज एक लिटर पाणी सहज लागतं. अल्कलिनिटी ३०० धरली तर एका लिटरमधून ३०० मिलिग्रॅम चुनखडी जाते. मार्च ते जूनचे १२० दिवस धरा: ३६ ग्रॅम. म्हणजे एका कुंडीला चार महिन्यांत तुम्ही दोन-तीन मोठे चमचे चुनखडीची पूड चारली, तीही मातीच्या कणाकणात, मुळाजवळ. सगळी तिथेच राहत नाही. दर पाण्याला थोडं खालून वाहू दिलं तर काही धुऊन जाते. पण गच्चीवर डाग पडतात म्हणून बशी ठेवून बेतानं पाणी घालणाऱ्यांकडे बहुतेक सगळी साठते.

जमिनीत लावलेल्या झाडाला मुळं पसरायला जागा असते, पावसाळ्यात जमीन धुऊन निघते. कुंडीत माती पंधरा लिटर, आणि वर्षाला पाणी दोन-तीनशे लिटर. रोपवाटिकेच्या ट्रेमधल्या रोपाला तर मूठभर माती. म्हणून त्याच पाण्यावर अंगणातला मोगरा हिरवागार आणि कुंडीतला पिवळा, हे कोडं नाही.

पिवळेपणाचं कारण बहुतेक वेळा लोह. माळव्याची काळी माती बेसाल्ट खडकाची. त्यात लोहाला तोटा नाही. पण फेरिक लोहाची विरघळण्याची क्षमता सामू एका अंकाने चढला की सुमारे हजार पटीने घटते. सामू ६ ला असलेलं लोह ८ ला जवळपास कुलूपबंद. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. शिवाय बायकार्बोनेट मुळाभोवतीची आम्लता मारतं, जिच्या जोरावर झाड लोह सोडवून घेत असतं. लोह झाडात एकदा बसलं की जागचं हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि कोवळी पिवळी, नंतर जवळजवळ पांढुरकी होतात. जस्त आणि मँगनीजचंही असंच, स्फुरदाचंही (फॉस्फरसचंही) थोडंफार, ७.५ च्या वर स्फुरद कॅल्शियमशी बांधला जातो.

पण प्रत्येक पिवळं पान सामूचं नसतं. आधी कुठलं पान पिवळं ते बघा. खालची, जुनी पानं सबंध पिवळी होत असतील तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा आणि देठाजवळ हिरवा त्रिकोण राहत असेल तर मॅग्नेशियम. कोवळ्या पानांत शिरांची हिरवी जाळी स्वच्छ दिसत असेल तर लोह. पानं बारीक, शेंड्याला गुच्छासारखी आणि चट्टेरी, विशेषतः लिंबावर, तर जस्त. आणि माती सतत ओली, कुंडीला खालचं भोक बुजलेलं, असं असेल तर आधी भोक मोकळं करा. ओल्या, कोंदट मातीत मुळं लोह घेऊच शकत नाहीत, पाणी कितीही चांगलं असो. तुमचं वर्णन लोहाचं आहे.

आता मोजणं. टीडीएस मीटर इथे उपयोगाचा नाही. तो सगळे क्षार मिळून सांगतो, त्यातलं बायकार्बोनेट किती हे नाही. माशांच्या टाकीची दुकानं असतात तिथे 'केएच टेस्ट' नावाची थेंबांची बाटली मिळते. ठरलेल्या पाण्यात थेंब टाकत जायचं, रंग पालटला की थेंब मोजायचे. बहुतेक बाटल्यांत एक थेंब म्हणजे एक जर्मन डिग्री, त्याला १७.९ ने गुणलं की मिलिग्रॅममध्ये अल्कलिनिटी मिळते. १७ थेंब पडले तर सुमारे ३०० समजा.

ती बाटली नसेल तर तुमच्या पेन-मीटरवरही होतं. आधी मीटर जुळवून घ्या. सोबतच्या पुड्या ६.८६ आणि ४.०१ च्या असतात. पुडीवर लिहिलंय तितक्याच, बहुधा २५० मिली, डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायच्या, आधी ६.८६ ला जुळवायचा, मग ४.०१ ला. मीटरचं टोक कोरडं ठेवू नका आणि डिस्टिल्ड पाण्यातही बुडवून ठेवू नका. टोपीत पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणाचे दोन-चार थेंब राहू द्यात. कोरडा पडलेला मीटर तासभर भिजवल्याशिवाय जो आकडा दाखवेल तो ऐकू नका. मातीत खुपसायचे दोन सळ्यांचे स्वस्त मीटर मिळतात, त्यांचा सुईशी खेळण्यापलीकडे उपयोग नाही. मातीचा ओलावा बदलला की 'सामू' बदलतो.

मग १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, एक लिटर डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात विरघळवा. सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानात ते सुटं मिळतं. 'टाटरी' मागाल तर कुणी सायट्रिक देतो, कुणी टार्टरिक, म्हणून नाव नीट सांगून घ्या. आता बोअरचं एक लिटर पाणी टाकीतूनच घ्या, जे झाडांना जातं तेच. बिनसुईच्या सिरिंजने हे द्रावण ५ मिली टाका, हलक्या हाताने ढवळा, अर्ध्या मिनिटाने वाचा. पुन्हा ५ मिली. सामू ६ च्या जवळ आला की थांबा आणि एकूण किती मिली गेलं ते लिहून ठेवा. त्या आकड्याला ८ ने गुणलं की अल्कलिनिटीचा ढोबळ अंदाज येतो, आणि १० ने भागलं की दहा लिटरच्या बादलीला किती ग्रॅम लिंबूसत्त्व लागेल ते थेट कळतं. ३७ मिली गेलं तर अल्कलिनिटी ३०० च्या घरात आणि बादलीला ३.७ ग्रॅम. ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा पुरत नाही; सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, किंवा द्रावणच बनवून ठेवा आणि मिलिलिटरने मोजा. द्रावण आठवड्याभरात बुरशी धरतं, तेवढंच करा.

बारा मिलीच्या आत काम झालं तर पाणी चांगलं आहे, आम्ल घालायच्या फंदात पडू नका. बारा ते वीसच्या दरम्यान फक्त अनंत, इक्झोरा, अझेलिया, फर्न आणि ट्रेमधली रोपं यांचाच विचार करा. तिसाच्या पुढे गेलं तर सगळ्याच कुंड्यांना आज ना उद्या भोवणार.

नर्मदेचं पाणी याच पद्धतीने एकदा मोजून बघा. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून घाट चढून येणारं ते नदीचं पाणी आहे, जमिनीत महिनोन्महिने खडकाला लागून राहिलेलं नाही, त्यामुळे बोअरपेक्षा बहुधा हलकं निघेल. सामूचा आकडा मात्र बोअरइतकाच किंवा जास्तही दिसू शकतो, आणि तिथेच लोक फसतात: 'दोन्ही ७.९, मग फरक काय?' फरक सिरिंजमध्ये दिसेल. ज्या दिवशी नर्मदा येते त्या दिवशी दोन बादल्या अनंत आणि इक्झोरासाठी बाजूला काढल्या तरी निम्मं काम होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा खुलासा, कारण लिंबूसत्त्वाची कृती जिथे तिथे सापडते आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही. सायट्रिक ॲसिड सेंद्रिय आहे. पाण्यातलं बायकार्बोनेट ते मारतं खरं, पण त्याचा उरलेला सायट्रेट मातीतले जिवाणू खातात, आणि खाताना बायकार्बोनेट परत तयार होतं. थोडक्यात, उसनवारी. व्हिनेगरचं तेच, ताकाचं तेच. म्हणून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने आठ-पंधरा दिवसांत पालवी सुधारल्यासारखी वाटते आणि महिन्याभरात परत जैसे थे. तात्पुरता उपाय म्हणून, किंवा पानांवर फवारायचं पाणी सुधारायला ते उत्तम. कायमचा इलाज नव्हे. लिंबं पिळायची हौस असेल तर एका लिंबात ग्रॅमभर आम्ल धरा, बादलीला तीन-चार लिंबं लागतील. उन्हाळ्यातला लिंबाचा भाव बघता झाडापेक्षा सरबत बरं.

ताक ओतणाऱ्यांना मुंग्या आणि वास मिळतो. वापरलेल्या चहापत्तीचा आणि कॉफीच्या चोथ्याचा सामूवर नाव घेण्यासारखा परिणाम होत नाही, खत म्हणून घाला हवं तर. तुरटी खरोखर आम्ल सोडते, बादलीला सहाएक ग्रॅम लागेल, पण तिच्यातलं ॲल्युमिनियम कुंडीत साठतं. निळ्या फुलांसाठी हायड्रेंजियाला ते हवंच असतं, मोगऱ्याला नको.

खनिज आम्लं टिकाऊ असतात. फॉस्फरिकचा त्रास असा की अल्कलिनिटी ३०० असेल तर लागणाऱ्या मात्रेत स्फुरद फारच जास्त जातो, आणि जास्त स्फुरद लोहालाच अडवतो. 'पीएच डाउन'च्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. कित्येकांत फॉस्फरिकच असतं. गंधकाम्ल शेतकरी आणि मोठ्या रोपवाटिका वापरतात, पण घरच्या गच्चीवर, मुलं-बाळं असताना, त्याची शिफारस नाही. जुन्या बॅटरीतलं आम्ल तर कधीच नाही, त्यात शिसं असतं. आणि कुठलंही आम्ल वापरलं तरी पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नव्हे.

मग घरच्या घरी टिकाऊ काय? दोन गोष्टी, दोन्ही खत-बियाण्याच्या दुकानात मिळणाऱ्या.

पहिली, अमोनियम सल्फेट. यातल्या अमोनियाचं मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं. एक ग्रॅम अमोनियम सल्फेट साधारण १.१ ग्रॅम चुनखडी मारतं. बारा इंची कुंडीला दर पंधरा दिवसांनी अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, लिटरभर पाण्यात विरघळवून ओल्या मातीत घाला. चार महिन्यांत २० ग्रॅम गेलं की सुमारे २२ ग्रॅम चुन्याची वजाबाकी झाली. वरच्या ३६ मधून २२ गेले, बाकी काही धुऊन निघालं. नत्राची गरजही यातच भागते. हे असताना कॅल्शियम नायट्रेट किंवा पोटॅशियम नायट्रेट घालू नका. ती खतं सामू वर ढकलतात. कोरड्या मातीत किंवा भर दुपारी अमोनियम सल्फेट घातलं तर पानांच्या कडा करपतात, दोष खताचा नसतो. आणि कुंडीत चुना किंवा राख असेल तर अमोनिया हवेत उडतो, नाकाला वास येतो.

दुसरी, गंधकाची पूड. जिवाणू तिचं हळूहळू गंधकाम्ल करतात. एक ग्रॅम गंधक तीन ग्रॅम चुनखडीला पुरून उरतं. बारा इंची कुंडीला ५ ग्रॅम, वरच्या दोन इंच मातीत खुरपीने मिसळून. ओल आणि ऊब दोन्ही लागतं, परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत घातलं तर ते नुसतं पडून राहतं. तीन महिन्यांच्या आत दुसरा डोस नको. घाई करून वीस-वीस ग्रॅम घालणाऱ्यांची झाडं तीन महिन्यांनी पानगळ होऊन जातात, तोवर कुणाला गंधक आठवतही नाही.

यावर एक अट. कुंडीत रानातली काळी माती भरली असेल आणि तिच्यात मोकळा चुना असेल तर गंधकाने आणि अमोनियम सल्फेटने डोंगर पोखरल्यासारखं होतं. तपासायला चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या आणि वर पांढरं व्हिनेगर सोडा. कान जवळ न्या. फसफस ऐकू आली, बुडबुडे दिसले, तर चुना आहे. पांढुरके बारीक खडे दिसले तर तेही व्हिनेगरमध्ये टाकून बघा. आठ किलो मातीत एक टक्का चुना म्हणजे ८० ग्रॅम. तो मारायलाच २५ ग्रॅमपेक्षा जास्त गंधक लागेल, मगच सामू हलायला सुरुवात होईल. अशा वेळी माती बदलणं स्वस्त. अनंत आणि इक्झोरासाठी धुतलेलं कोकोपीट चार भाग, चांगलं कुजलेलं पानांचं खत तीन भाग, भाताचं तूस किंवा परलाइट दोन भाग आणि माती एकच भाग. गांडूळखताचा सामू सहसा ७ च्या वर असतो, म्हणून या दोघांना मूठभरच.

मातीचा सामू मोजायचा तर २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा, पुन्हा एकदा ढवळून वरच्या पाण्यात मीटर. भरलेल्या कुंडीला आणखी सोपं: रोजचं पाणी घालून तासभर थांबा, मग वरून दीडशे मिली डिस्टिल्ड पाणी गोल फिरवून ओता, खालून निघणारं पहिलं ५० मिली वाटीत घ्या आणि मोजा. अनंत-इक्झोराला हा आकडा ५.५ ते ६ चांगला, गुलाब आणि टोमॅटोला ६ ते ६.८. पालक-मेथी सातच्या पुढेही खुशाल येतात. डाळिंब, अंजीर, कण्हेर यांना या सगळ्या खटाटोपाची गरजच नाही, ती चुनखडीत तगणारी झाडं.

चुना नकळत घालणारे हातही थांबवायला हवेत. प्रत्येक कुंडीत अंड्याची कवचं, होळीची राख, पाऊस आला की किडीसाठी चुन्याची निवळी, हे सगळं बोअरच्या बाजूने काम करतं. राखेचा मान इंदुरात जुना आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासोबत १९२४ ते १९३१ या काळात इथल्या शेती संशोधन संस्थेत कंपोस्टची जी 'इंदूर पद्धत' बसवली तिच्यात लाकडाची राख होती. पण ती कुजणाऱ्या ढिगातलं आम्ल मारायला. बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या कुंडीत मारायला आम्लच उरलेलं नसतं. हाडांचं खत ७ च्या वर विरघळतच नाही, पैसे मातीत. नव्या सिमेंटच्या कुंड्या आणल्या तर आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी दोन-तीनदा बदला, नाहीतर पहिल्या वर्षी कुंडीच चुना सोडते.

घरात सॉफ्टनर असेल तर झाडांचा नळ त्याच्या आधीचा हवा. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, बायकार्बोनेट तसंच ठेवतो. झाडाला ते मूळ बोअरपेक्षा वाईट. आरओच्या 'वाया जाणाऱ्या' पाण्यातही अल्कलिनिटी मूळ पाण्याहून वाढलेली असते. बोअरवरच्या आरओचं ते पाणी फरशी पुसायला ठेवा. एसीच्या नळीतून गळणारं पाणी मात्र सोनं आहे. त्यात बायकार्बोनेट जवळपास नाही.

आणि पाऊस. शंभर चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सव्वादोनशे लिटरच्या आसपास पाणी मिळतं, म्हणजे एक पिंप भरून वाहतं. पहिल्या एक-दोन सरी वाहू द्या, मग पिंप लावा, वर मच्छरजाळी बांधा. ३०० अल्कलिनिटीच्या बोअरचा एक भाग आणि पावसाचे दोन भाग मिसळले की १०० होते, आम्लाचा थेंब न घालता. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून पालवी आपोआप हिरवी व्हायला लागते त्याचं श्रेय लोक हवेला देतात. ते असतं बायकार्बोनेट नसलेल्या पाण्याला. पावसात एक-दोनदा कुंड्या उघड्यावर ठेवून खालून भरपूर वाहू द्या, उन्हाळ्याचा साठा त्यातच निघतो.

पण आज मे महिना आहे आणि झाडं पिवळी आहेत, तर लोह थेट द्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मातीत घालू नका. ८ सामूच्या मातीत त्याचा काही दिवसांत गंज होतो. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, घेताना पुडीवर ईडीटीए लिहिलं असेल तर ते ६.५ च्या वर टिकत नाही, डीटीपीए ७.५ पर्यंत टिकतं. तुमच्या मातीला ईडीडीएचए हवं. महाग आहे, लालभडक द्रावण होतं, पण बारा इंची कुंडीला एक ग्रॅम लिटरभर पाण्यात पुरतं, संध्याकाळी घाला. दहा-बारा दिवसांत नव्या पानांत फरक दिसतो. पांढरी पडलेली पानं पूर्ण हिरवी होतील अशी वाट बघू नका, पुढची पालवी बघा.

लिंबाचं वेगळं बघावं लागेल, कारण त्याला लोहासोबत जस्तही कमी पडत असतं. आधी फवारणी लोहाची: लिटरला ३ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, आधी लिंबूसत्त्व विरघळवून मग हिराकस, नाहीतर पाणी तपकिरी होतं आणि लोह गेलं. ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारा. आठवड्याने जस्ताची: लिटरला ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम खायचा चुना, गाळून. इथे चुना घालायला सांगतोय म्हणून दचकू नका, तो पानं करपू नयेत म्हणून आहे आणि मातीत जाणार नाही, खाली प्लास्टिक अंथरा. फुलोरा असताना दोन्ही फवारण्या टाळा. आणि हिराकस फवारताना तेच प्लास्टिक टाइल्सवरही टाका. त्याचे डाग निघत नाहीत.